ऑनलाइन मागवलेला कॉम्प्युटरचा स्वस्त पार्ट सारखा बंद पडतो? परत पाठवण्याआधी हे तपासा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत हल्ली एकच रडगाणं ऐकू येतं. दिल्लीच्या नाहीतर मुंबईच्या कुठल्यातरी डिस्काउंटवाल्याकडून रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (डेटा साठवणारी), मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारा मुख्य बोर्ड) किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागवला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सांगितलेल्या भावापेक्षा पाच-सातशेने स्वस्त पडला. पार्सल आलं, पार्ट लावला, तर एकतर चालूच झाला नाही किंवा चार दिवस चालून गप्प बसला. परत पाठवला, बदलून दुसरा आला, त्याचीही तीच गत. मग माणूस पीसीचा डबा काखोटीला मारून दुरुस्तीच्या दुकानात येतो. "भाऊ, हाऊ परत बंद पडी गया, आते काय करू?"

सगळा राग पार्सलवाल्यावर निघतो, आणि तो अगदीच खोटा नसतो. पण टेबलावर येणाऱ्या अशा 'मेलेल्या' पार्टांपैकी बरेच मुळात मेलेले नसतात, ते त्या मशीनशी जुळत नसतात. काही सरळ सरळ बनावट असतात. आणि काही चांगले असून घरच्या विजेने मरतात. हे ओळखल्याशिवाय पार्ट परत पाठवत राहिलात तर फक्त कुरिअरवाल्याचं पोट भरतं.

त्याआधी मुदतीचं बोलू, कारण बहुतेक भांडणं तिथेच हरली जातात. 'एक वर्ष वॉरंटी' असं ठळक लिहिलेलं असलं तरी पार्ट परत घेऊन पैसे देण्याची किंवा बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांची असते. ती पार्सल हातात पडल्या दिवसापासून मोजतात, पीसी जुळवल्या दिवसापासून नाही. आपल्याकडे पीसी बनतो हप्त्याहप्त्याने. कापसाचे पैसे आले की बोर्ड, पुढच्या पगाराला प्रोसेसर, मग एखादी सेल लागली की ग्राफिक्स कार्ड. शेवटचा पार्ट येईपर्यंत पहिल्याची मुदत कधीच संपलेली असते आणि खोका अजून सीलबंद कपाटात. तो बोर्ड जन्मतः बिघडलेला असला तरी आता ती गोष्ट वॉरंटीत जाते, म्हणजे महिनाभर वाट बघणं आलं. त्यामुळे एकतर सगळं एकाच वेळी मागवा, नाहीतर आलेला प्रत्येक पार्ट मुदतीच्या आत कुणाच्यातरी चालू मशीनवर लावून बघा. ओळखीचा दुकानदार शे-दोनशे रुपये घेऊन हे करून देतो, आणि ते शे-दोनशे पार्टच्या किमतीतच धरायचे.

पार्ट लावला आणि डिस्प्लेच नाही

सगळ्यात जास्त येणारी केस हीच. पंखे फिरतात, लाइट लागते, स्क्रीन काळी. आधी रॅम काढा, तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासा, कापडाने पुसा आणि दोन्ही बाजूंनी 'कट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या तयार पीसीमध्ये रॅम हललेली असणं ही रोजची गोष्ट आहे. त्यातच अर्ध्या तक्रारी मिटतात.

मग प्रोसेसरचं नाव पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरासकट. आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ यांत फरक त्या एका 'एफ'चा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय बोर्डच्या एचडीएमआयला काहीही दिसणार नाही. तो स्वस्त पडतो म्हणून लोक तोच उचलतात, आणि मग 'बोर्ड डेड आला' म्हणून बोर्ड परत जातो. रायझनमध्ये ५६०० आणि ५६००जी यांचं असंच आहे, फक्त तिथे 'जी' असेल तर ग्राफिक्स असतं. आणि कार्ड लावलं असेल तर केबल कार्डलाच लावली आहे ना, बोर्डला नाही ना, हेही बघा. हसू नका, इंजिनिअरिंगच्या पोरांकडूनही हे होतं.

सॉकेटच्या, म्हणजे बोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेच्या, नावावर तर अजिबात विसंबू नका. इंटेलचं एलजीए ११५१ हे एकच नाव दोन वेगळ्या पिढ्यांना आहे. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालते, आठवी-नववी ३०० मालिकेवर. प्रोसेसर खाचेत नीट बसतो, कुलूप लागतं, चालत मात्र नाही. जुन्या एच६१ बोर्डवर तिसऱ्या पिढीचा आय५ टाकायचा असेल तर आधी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागू शकतं. ए३२० किंवा बी४५० वर रायझन ५००० मालिका टाकतानाही तेच. यासाठी बहुतेक वेळा जुना चालणारा प्रोसेसर हाताशी लागतो, जो घरी नसतो, दुकानात असतो.

रॅमची गंमत वेगळीच. ऑनलाइन डीडीआर३ची ८ जीबीची कांडी फार स्वस्त दिसली तर वर्णनात खाली बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं आहे का ते शोधा. त्या कांड्यांवरच्या चिपची मांडणी अशी असते की जुने एएमडी बोर्ड ती ओळखतात, इंटेलचे नाहीत. इंटेलवर लावली की एकतर बीप नाहीतर काळी स्क्रीन. विकणारा म्हणणार, माल ओके आहे, आम्ही लिहिलं होतं. आणि त्याचं खरं असतं. लॅपटॉपसाठी घेताना डीडीआर३ आणि डीडीआर३एल पण बघून घ्या. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ची, आणि चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना दुसरीच लागते.

एम.२ म्हणजे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीत तर निम्म्या लोकांची फसगत होते. तोच आकार, तोच स्क्रू, पण जोडणीच्या पद्धती दोन, एक साटावर चालते आणि दुसरी एनव्हीएमईवर. जुन्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटाचा असेल तर नवी कोरी एनव्हीएमई त्याला दिसतच नाही. लॅपटॉपचं मॉडेल टाकून आधी तेवढं शोधा.

चालतो, पण काहीतरी गडबड आहे

चोपड्याचा एक फोटोग्राफर लग्नाचं सगळं शूटिंग दोन टीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन आला होता. सहाशे रुपयांत घेतलेली. फोल्डर दिसत होते, फायलींची नावं दिसत होती, साइझसुद्धा बरोबर. उघडायला गेलं की हळद तेवढी उघडते, लग्न उघडत नाही. आत चिप ३२ जीबीची. तिच्या कंट्रोलरला शिकवलेलं की कॉम्प्युटरने विचारलं तर दोन टीबी सांग. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही किंवा आधीच्यावरच लिहिला जातो, आणि कॉपी मात्र 'पूर्ण झाली' म्हणून दाखवते. असा डेटा रिकव्हरीवालाही काढून देऊ शकत नाही, कारण तो लिहिलाच गेलेला नसतो.

यावर उपाय फुकटचा आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी, काहीही स्वस्तात आलं की वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं प्रोग्रॅम चालवा. ते अख्खी जागा भरून लिहितं आणि परत वाचून बघतं. लिनक्सवर एफ३ हेच काम करतं. दोन टीबीला रात्र जाते, जाऊ द्या.

हार्ड डिस्कमध्ये नवी आणि रंगवलेली असे दोन प्रकार असतात. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्का पुसून, नवं स्टिकर लावून 'बल्क पॅक' म्हणून फिरतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कला ते शून्य किंवा फार तर दहा-वीस तास असायला हवेत. वीस हजार दिसले तर ती डिस्क सव्वादोन वर्षं अखंड पळालेली आहे. पण हा आकडाही शून्यावर आणता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा नेहमीचा आकडा शून्याजवळ होता. सीगेट स्वतःची एक वेगळी नोंद डिस्कमध्ये ठेवतं, तिला फार्म म्हणतात, तिच्यात हजारो तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. त्यापेक्षा सोपं म्हणजे सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकणं. 'हा नंबर मूळ मशीनसोबत विकलेला आहे, वॉरंटी त्या मशीनच्या कंपनीकडे' असं उत्तर आलं की समजा, ही डिस्क कुठल्यातरी ब्रँडेड पीसीतून निघाली आहे.

ग्राफिक्स कार्डाचं सोंग फार जुनं. खोक्यावर जीटीएक्स १०५० टीआय, आत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची जीटीएस ४५० ची चिप, फक्त बायोस बदललेला. विंडोजला नाव बरोबर दिसतं. जीपीयू-झेड हे कार्ड तपासणारं प्रोग्रॅम चालवलं तर ते नावाच्या आधीच 'फेक' लिहून मोकळं होतं. आणि मागे व्हीजीएचं निळं पोर्ट दिसलं तर प्रोग्रॅमचीही गरज नाही, कारण १००० मालिकेच्या चिपना तसा ॲनालॉग आउटपुटच नाही.

माझं स्वतःचं मत असं की जुना माल वाईट नसतो. रिफर्ब, म्हणजे दुरुस्त करून विकलेल्या जुन्या, आय५ वर आख्खा खान्देश टॅली चालवतो. पण 'पुल आउट' (जुन्या मशीनमधून काढलेला), 'टेस्टेड ओके', 'लूज पीस' असं लिहिलेलं असेल तर तो जुना माल आहे, त्याला नव्याचा भाव द्यायचा नाही. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे तर चालू करून दाखवलं, विषय संपला.

बदलून आलेलाही मरतो

इथे पार्सलवाल्याला सोडा आणि भिंतीकडे बघा. एकाच घरात दुसरा बोर्ड किंवा दुसरी हार्ड डिस्क जाते, तेव्हा आधी एसएमपीएसवर संशय घ्यायचा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे न बघता बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १४ असतील तर १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, म्हणजे तुमच्या कामाचा आकडा १६८, बाकीचे कागदावरचे. नुसत्या टायपिंगच्या पीसीला ते पुरतं. त्यात पोराने गेमसाठी कार्ड घातलं की दुपारी तीनला गेम सुरू असताना मशीन रिस्टार्ट, आणि दोष रॅमला.

दुपारी तीनचं कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, वर पत्रे, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून टेबलाखालच्या कप्प्यात. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचं) आयुष्य उष्णता दर दहा अंशांनी वाढली की साधारण निम्मं होतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले कपॅसिटर, बऱ्यापैकीमध्ये १०५ चे. आता हिशेब तुम्हीच करा. कूलर थेट पीसीकडे तोंड करून लावणाऱ्यांना काय सांगावं! तो ओलावा आणि धूळ एकत्र फुंकतो, बोर्डवर चिखलाचा पातळ थर बसतो.

एसएमपीएसच्या मागच्या बाजूला लाल स्विच असेल तर त्यावर २३० दिसतंय का बघा. ११५ वर असेल तर बटण दाबताच फटाका.

मग अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार खेड्यातून फार येते आणि लोक तिला 'थोडा करंट असतोच' म्हणून सोडून देतात. तीन पिनच्या बोर्डात तिसरी तार जोडलेलीच नसते, किंवा जोडलेली असून जमिनीतला खड्डा कोरडा पडलेला असतो. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, वीस-तीस दाखवत असेल तर आधी अर्थिंग करून घ्या आणि मगच नवा पार्ट मागवा. मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला तर उन्हाळ्यात त्याला अधूनमधून पाणीही घालावं लागतं. शेतातले पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं अशी गावं आपल्याकडे आहेत. तिथे साधा एसएमपीएस तग धरत नाही. ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज ओढणं सुरळीत ठेवणारं सर्किट असलेला), शंभर ते २४० व्होल्टवर चालणारा घ्यावा. तो महाग असतो आणि त्यावर बहुतेक वेळा ८० प्लसचं (कमी वीज वाया घालवण्याचं) चिन्ह असतं, पण व्होल्टची मर्यादा तक्त्यात वाचूनच घ्या. फक्त एक लक्षात घ्या, असे काही एसएमपीएस साध्या स्वस्त यूपीएसशी किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरशी पटवून घेत नाहीत. लाइट गेली की यूपीएस पी-पी करतो आणि पीसी तरीही रिस्टार्ट होतो. तेव्हा यूपीएसची बॅटरी बदलून उपयोग नाही. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस लागतो.

परत पाठवताना

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. आधी पत्त्याचं लेबल, मग खोक्याच्या सहाही बाजू, टेप कापताना, आणि शेवटी पार्टवरचा सिरियल नंबर वाचता येईल इतक्या जवळून. 'रिकामा खोका आला', 'खोक्यात साबण निघाला' या तक्रारीत व्हिडिओशिवाय कुणी उभं करत नाही. खोका वजनाला हलका लागला तर ओटीपी देण्याआधी बोला, नंतर नाही.

मदरबोर्ड आला की सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. इंटेलच्या बोर्डात पिना बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. झाकणाशिवाय परत पाठवला, वाटेत एक पिन जरी वाकली, की 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी गेली. पाठवण्याआधी पिनांचा उजेडात फोटो काढा. स्टिकर खरवडू नका, पार्टवर पेनने खूण करायची असेल तर बारीक करा आणि सिरियल नंबर वहीत उतरवा. 'बदलून' आलेला पार्ट तोच जुना तर नाही, हे नंबरावरूनच कळतं. तो तोच निघतो, हे वारंवार बघितलंय. त्यांच्या टेबलावर तो चालतो, म्हणून ते पुसून परत पाठवतात. अशा वेळी वर सांगितलेलं जुळण्याचं आणि विजेचं तपासलं असेल तर तुमची बाजू भक्कम असते. मेसेजमध्ये 'पार्ट चालत नाही' एवढंच लिहू नका. कुठला बोर्ड, बायोसची कुठली आवृत्ती, दुसऱ्या कुठल्या मशीनवर लावून बघितला, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट प्रोग्रॅममध्ये किती एरर आल्या, हे लिहा. असं लिहिलेलं दिसलं की पलीकडचा माणूस टोलवाटोलवी कमी करतो.

नंदुरबार, शहादा, धडगावकडच्या मंडळींनी मागवण्याआधी एक गोष्ट बघावी. पार्सल पोचवणारे सगळे असतात, परत न्यायला येणारे नसतात. साइटवर पिनकोड टाकल्यावर डिलिव्हरी दाखवते, पण 'पिकअप उपलब्ध नाही, स्वतः पाठवा' हे परत करताना कळतं. मग स्पीड पोस्टचा खर्च तुमचा. तसंच त्या ब्रँडच्या साइटवर जाऊन जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. पाचशे रुपये वाचवून रॅमसाठी नाशिकची एसटी पकडायची असेल तर गोलाणी परवडलं.

ऐकतच नसेल तर

बिल आहे का, यावर सगळं. व्हॉट्सॲपवर रेट लिस्ट पाठवून, फोनपेवर पैसे घेऊन, चिठ्ठीवर रक्कम लिहून देणाऱ्याशी भांडायला हातात काही नसतं. बिल असेल तर त्यावरचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, गुजरात २४. नंबर 'रद्द' दाखवला, किंवा दिल्लीहून जळगावला आलेल्या मालावर आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीचा) लावलेला दिसला, तर बिल घरी टाइप केलेलं असण्याचा संभव मोठा. शक्यतो हे पैसे देण्याआधीच बघावं, नंबर मागितला तर खरा व्यापारी लगेच देतो.

२०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. 'नो रिटर्न' असं पावतीवर छापलं तरी खोट्या मालाला ते लागू होत नाही. आधी साइटवर लेखी तक्रार करा, तिचा नंबर घ्या, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. एवढ्यानेच बरीच प्रकरणं हलतात, कारण मोठ्या साइट तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत. तीन हजारांच्या एसएसडीसाठी तारखांना जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणेन, नोटीस तरी पाठवा. विक्रेता फोन उचलायचाच बंद झाला आणि साइटही गायब, तर तो ग्राहकाचा वाद राहत नाही. ती फसवणूक झाली. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच उपयोग.

आणि कुणी विचारलंच की मग ऑनलाइन घ्यावं काय, तर कीबोर्ड, माउस, केबल, कॅबिनेट, नावाजलेल्या कंपनीची सीलबंद एसएसडी खुशाल मागवा. बॉक्स पॅक प्रोसेसरही चालेल. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि जुनं ग्राफिक्स कार्ड मात्र अशा दुकानातून घ्यावं जिथे ते तुमच्यासमोर अर्धा तास चालवून दाखवतात.